आवाज थांबले, पण कामं का होत नाहीत? स्किझोफ्रेनियाच्या दुर्लक्षित बाजूबद्दल

ठाण्यात स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरच्यांची बैठक असली की एक प्रश्न हमखास येतो. बहुतेकदा आई विचारते, कधी मोठा भाऊ. "डॉक्टर म्हणतात, आता बरा आहे. आवाज येत नाहीत, कोणावर संशय घेत नाही, रात्री झोपतो. मग साधं दळण का आणत नाही? दोन कामं सांगितली की एक विसरतो. 'हो' म्हणतो आणि तिथेच बसून राहतो." आणि मग जरा आवाज खाली आणून पुढचं वाक्य येतं: "आता हा आजार नाही हो, आळस आहे."

पुनर्वसनाच्या क्षेत्रात काम करताना मी हे वाक्य इतक्या घरांतून ऐकलं आहे की त्याचं उत्तर सावकाश, नीट द्यावंसं वाटतं. औषधांनी महत्प्रयासाने जे सावरलेलं असतं ते याच वाक्यावरून होणाऱ्या रोजच्या भांडणांनी पुन्हा बिघडतं. आणि हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं आहे. तो आळस नसतो, आजाराचाच एक भाग असतो. या भागावर अजून गोळी नाही. आयक्लेपर्टिन नावाच्या औषधाकडून फार आशा होत्या, पण जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या मोठ्या चाचण्या अपयशी ठरल्याचं जाहीर झालं. ती बातमी वाचून अनेक पालक खचले. पण गोळी नाही म्हणजे उपाय नाही, असं मात्र नाही.

एका आजारातले तीन त्रास

स्किझोफ्रेनिया दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ३० लाख लोकांना, म्हणजे दर ३४५ माणसांमागे एकाला तो आहे. तो साधारण विशीच्या आसपास सुरू होतो, मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा थोडा आधी. म्हणजे नेमका शिक्षण पूर्ण करण्याच्या आणि नोकरीला लागण्याच्या वयात.

त्यातला पहिला त्रास सगळ्यांना दिसतो. कोणी नसताना आवाज ऐकू येणं, शेजारी आपल्याविरुद्ध कट करताहेत अशी पक्की खात्री असणं, बोलण्यातली संगती तुटणं. लोकांच्या लेखी स्किझोफ्रेनिया म्हणजे एवढंच. औषधं सर्वांत चांगली लागू पडतात ती इथेच. दुसऱ्या त्रासात काहीतरी उणं होत जातं: उमेद, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव, माणसांत मिसळायची इच्छा. तिसरा त्रास विचारकौशल्यांचा. लक्ष टिकवणं, ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं, चटकन समजून उत्तर देणं, कामाची आखणी करणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरून आणि सुरावरून त्याच्या मनातलं ओळखणं, हे सगळं यात येतं. ही कौशल्यं पुन्हा बसवण्याच्या आणि ती रोजच्या जगण्याशी जोडण्याच्या उपचाराला कॉग्निटिव्ह रिहॅबिलिटेशन म्हणतात. पुढे मी त्याला नुसतं 'पुनर्वसन' म्हणेन.

हा तिसरा त्रास कालपरवा सापडलेला नाही. एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला जे नाव दिलं होतं त्याचा अर्थच 'अकाली बुद्धिभ्रंश' असा होता. तरुणांची बुद्धी सतत ढासळतच जाते, असं त्याला वाटलं. ते पुढे खरं ठरलं नाही, आणि १९०८ साली स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलरने 'स्किझोफ्रेनिया' हे नाव पुढे आणलं. १९५०च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे पहिलं परिणामकारक औषध आलं. आवाज आणि भ्रम आटोक्यात येऊ लागले, वर्षानुवर्षं रुग्णालयात अडकलेली माणसं घरी जाऊ लागली. सगळ्यांचं लक्ष तिकडे लागणं स्वाभाविक होतं, आणि तिसरा त्रास मागे पडला. १९९६ साली मायकेल ग्रीन या अमेरिकी संशोधकाने तोवरचे अभ्यास एकत्र तपासून दाखवलं की माणूस पुढे काम करू शकेल का, लोकांत वावरू शकेल का, याचा अंदाज त्याच्या स्मरणशक्तीवरून आणि लक्ष टिकवण्याच्या क्षमतेवरून बांधता येतो. आवाज किंवा भ्रम किती तीव्र आहेत यावरून तो तसा बांधता येत नाही. बैठकीतल्या त्या आईला पडलेला प्रश्न इथे सुटतो: आवाज थांबले म्हणून कामं आपोआप सुरू होत नाहीत, कारण दोन्हींची मुळं वेगळी आहेत.

डोक्यात नेमकं काय होतं?

सकाळी साडेआठची ठाणे स्टेशनवरची तिकीट खिडकी आठवा. समजा, सहापैकी दोनच खिडक्या उघड्या आहेत. आत बसलेला कर्मचारी हुशार आहे, तिकीट बरोबर देतो, सुटे पैसे बरोबर देतो. पण रांग वाढतच राहते. मध्येच कोणीतरी वाशीची गाडी कुठून सुटते ते विचारतो, वर लाउडस्पीकर चालू असतो, आणि रांगेतला शेवटचा माणूस कंटाळून तिकीट न घेताच निघून जातो.

आता स्वयंपाकघरातून आई सांगते, "अरे, दळण टाकून ये, येताना कोथिंबीर बघ, आणि बाबांची बीपीची गोळी संपलीय, रिकामी पट्टी घेऊन जा." कुकरची शिट्टी होते आहे, टीव्ही चालू आहे. रांगेत एकदम तीन माणसं आली. पहिल्याचं काम होतं. दुसरा कसाबसा खिडकीपर्यंत पोचतो. तिसरा निघून गेलेला असतो, आणि तो येऊन गेला हे खिडकीतल्या माणसाला कळलेलंसुद्धा नसतं. मुलगा "गोळीचं सांगितलंच नव्हतंस" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

ऐकलेलं काही क्षण डोक्यात धरून त्यावर काम करणं, याला कार्यकारी स्मृती म्हणतात. स्किझोफ्रेनियात ती हमखास तोकडी पडते, आणि माहिती हाताळण्याचा वेगही मंदावतो. अमेरिकेत या त्रासाच्या मोजमापासाठी ठरवलेल्या चाचणीसंचात अशी एकूण सात क्षेत्रं आहेत. ती सगळी सांगत बसत नाही, पण एक सांगायलाच हवं, कारण ते घराबाहेर फार छळतं: लोकांचं मन वाचणं. लिफ्टमध्ये शेजारचे काका सहज म्हणतात, "काय, आज घरीच?" तुम्ही-आम्ही सुरावरून ओळखतो की हे नुसतं बोलणं आहे. ज्याला सूर आणि चेहरा वाचायला कष्ट पडतात त्याला तो टोमणा वाटतो. दुसऱ्या दिवशी तो लिफ्ट टाळून जिन्याने उतरतो, आणि काही आठवड्यांनी उतरतच नाही.

म्हणजे बुद्धी गेली का? पुढे हा स्मृतिभ्रंशासारखा वाढेल का?

नाही. वृद्धापकाळातल्या स्मृतिभ्रंशात मेंदूची झीज वाढत जाते. इथे बहुतेकांच्या बाबतीत मुख्य घसरण आजाराच्या आधी आणि पहिल्या झटक्याच्या सुमाराला होऊन गेलेली असते, आणि त्यानंतर चित्र बरंचसं स्थिर राहतं. सगळ्यांना सारखाच त्रास असतो असंही नाही. कोणाची स्मरणशक्ती चांगली असते पण आखणी जमत नाही, कोणाचं उलटं. काहींच्या चाचण्या अगदी सर्वसाधारण येतात. म्हणून पुनर्वसनाआधी नीट चाचणी हवी. सरसकट 'याचं डोकं चालत नाही' म्हणणं अन्यायाचं आहे, आणि उपचारासाठी निरुपयोगीही.

एक गोष्ट घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. शिकलेलं जात नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आजारी पडलेल्या मुलाला गणित येत असतंच. त्याला जड जातं ते तीन तास एका जागी बसून, आजूबाजूच्या हालचालींकडे दुर्लक्ष करून, कोणता प्रश्न आधी सोडवायचा हे ठरवणं.

हे सगळं औषधांमुळेच होत असेल तर?

हा संशय रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर. विचारकौशल्यांतली घसरण एकही गोळी न घेतलेल्या नव्या रुग्णांतही आढळते. अनेकांच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांतच, आजार उघड होण्याआधी, तिच्या खुणा दिसतात. तेव्हा मूळ दोष औषधांचा नाही. औषध बंद केलं तर आवाज परत येण्याचा धोका मोठा असतो, आणि प्रत्येक झटका माणसाला आणखी मागे ओढतो.

पण औषधांचा काहीच भाग नाही, असंही मी म्हणणार नाही. मात्रा गरजेपेक्षा जास्त असली तर सुस्ती येते. आणि एका गोळीबद्दल घरच्यांना माहीत असलंच पाहिजे: ट्रायहेक्सिफेनिडिल. मानसोपचाराच्या औषधांनी हातपाय कडक झाले, थरथर आली की ही गोळी जोडतात. त्या त्रासावर तिचा चांगला उपयोग होतो. पण ती मेंदूतल्या असिटिलकोलीन या रसायनाला अडवते, आणि स्मरणशक्तीला तेच रसायन लागतं. काही वेळा ही गोळी गरज संपल्यावरही वर्षानुवर्षं चिठ्ठीवर तशीच राहते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा: "ही अजून लागते का? हळूहळू कमी करता येईल का?" स्वतःहून बंद करू नका. एकदम थांबवली तर त्रास होतो.

त्याच भेटीत बी-१२, थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी. झोप नीट होते का, नैराश्य आहे का, तेही पाहावं. यांतलं काहीही बिघडलेलं असेल तर लक्ष आणि स्मरण दोन्ही मंदावतात, आणि या गोष्टी सुधारता येतात.

पुनर्वसनात नक्की करतात काय?

एका तरुणाचं उदाहरण देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याच्यासमोर स्टीलचं ताट. ताटात मूग, मसूर, चवळी आणि राजमा एकत्र केलेले, बाजूला चार वाट्या. "वेगवेगळं कर," एवढंच सांगितलेलं. तो एक राजमा उचलतो, मग दोन मूग, मग एक चवळीचा दाणा हातात धरून कुठल्या वाटीत टाकायचा ते शोधत राहतो. थोड्या वेळाने हात थांबतो आणि नजर पंख्याकडे जाते. घरी असता तर आतापर्यंत "अरे, लक्ष कुठे आहे?" झालं असतं. इथे समोर बसलेली ताई विचारते, "आधी काय वेचायचं ठरवलंयस?"

"सगळंच."

"पटकन नजरेत काय भरतं?"

"राजमा."

"मग आधी तेवढाच."

राजमा भराभर बाहेर येतो. मग चवळी. मसुराची पाळी येईपर्यंत तो स्वतःशीच पुटपुटायला लागलेला असतो, "आता मसूर, फक्त मसूर." ताट संपल्यावर ताई विचारते, "आता जे केलंस ते आणखी कुठे चालेल?" तो बराच वेळ गप्प. ती शांतता कोणी भरून काढत नाही. मग तो म्हणतो, "मामाच्या दुकानात."

मामाचं नौपाड्यात स्टेशनरीचं दुकान. तिथे त्याला नव्या मालाचा खोका लावायला दिला होता. वह्या, पेनं, पट्ट्या, डिंकाच्या बाटल्या सगळं एकत्र, मध्येच गिऱ्हाईक, मध्येच "जरा झेरॉक्स काढ रे." तो गोंधळून खोका तसाच टाकून घरी निघून आला होता, आणि घरात त्यावरून बरंच झालं होतं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला. आधी फक्त वह्या, मग पेनं. मामाला एकच विनंती केली होती: खोका पूर्ण होईपर्यंत दुसरं काम सांगायचं नाही. खोका लागला.

या प्रसंगात पुनर्वसनाचे बहुतेक घटक आले. धान्य वेगळं करण्यामागे लक्ष टिकवण्याचा सराव आहे, आणि तो मुद्दाम वारंवार करतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, तासाभराच्या आतबाहेर, काही महिने. पातळी अशी ठेवतात की दहापैकी आठ वेळा तरी जमेल, कारण पदोपदी चुकलं की माणूस सोडून देतो आणि चूकच पक्की होऊन बसते. दुसरा घटक म्हणजे युक्ती: काम तोडून घेणं, एका वेळी एकच, स्वतःशी बोलून दिशा धरणं. खिडक्या वाढल्या नाहीत तरी रांग नीट लावली तर जास्त लोकांची कामं होतात, ते हेच. आणि तिसरा घटक दुकानापर्यंतचा पूल. हा नसेल तर माणूस धान्य निवडण्यात तरबेज होतो आणि घरी तसाच बसून राहतो.

धान्य निवडण्याचा हा सराव माझ्या डोक्यातून निघालेला नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत अक्षरं खोडणं, रंग भरणं, धान्य वेगळं करणं असे कागद-पेन्सिलीचे आणि घरगुती सामानाचे सराव अनेक वर्षं वापरात आहेत. नुकताच पहिला झटका येऊन गेलेल्या रुग्णांकडून तिथे घरच्या घरी दोन महिने असा सराव करून घेतला गेला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांना या सरावाची जोड दिल्याने फायदा दिसला. कॉम्प्युटर नसला, इंग्रजी येत नसलं, तरी काही अडत नाही.

आखणीचे सराव याहून रंगतात. "तुला सकाळी दहाला तुर्भ्याला पोचायचंय, घर वर्तकनगरला. उलटं मोजत ये." ट्रान्सहार्बरची गाडी किती वाजताची, त्याआधी सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलावर, बस कधी यायला हवी, डबा कधी भरायचा. पहिल्यांदा बरेच जण अंघोळीची वेळ धरायलाच विसरतात. कागदावर झालं की मग खरोखर जाऊन यायचं, आधी कोणाच्या सोबतीने, मग एकट्याने.

मोबाइलवरचे मेंदूचे खेळ खेळले तर चालेल का?

नुसते खेळून माणूस त्या खेळात पटाईत होतो. त्यापलीकडे रोजच्या जगण्यात फार काही उतरत नाही. चांगले कॉम्प्युटर कार्यक्रम आहेत, त्यांचा उपयोगही होतो, पण शेजारी प्रशिक्षित माणूस बसून 'हे कसं केलंस, कुठे वापरशील' असं विचारत असेल तर. मोबाइल हातात देऊन मुलाला खोलीत बसवलं आणि त्याला उपचार म्हटलं, तर त्या मुलाची फसवणूक होते. केवळ अॅपचं वर्गणी-पॅकेज विकणाऱ्यांपासून पालकांनी दूर राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फरक खरंच किती पडतो?

इथे मला कोणालाही खोटी आशा दाखवायची नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात १३० अभ्यासांतल्या ८,८५१ जणांची माहिती एकत्र केली गेली. विचारकौशल्यं आणि रोजचं कामकाज दोन्हींत सुधारणा दिसली. सरासरी सुधारणा बेताची होती, पण भरवशाची. याचा अर्थ काहींना पुष्कळ फायदा झाला, काहींना थोडा, काहींना जवळजवळ नाही. जिथे प्रशिक्षित व्यक्ती सक्रियपणे सोबत होती, युक्त्या पद्धतशीर शिकवल्या गेल्या आणि सगळं इतर पुनर्वसनाशी जोडलेलं होतं, तिथे निकाल अधिक चांगले आले.

त्याच आढाव्यातला आणखी एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. कमी शिकलेले, आजारापूर्वीची बौद्धिक पातळी कमी असलेले आणि लक्षणं जास्त तीव्र असलेले, यांनाच या उपचाराचा अधिक फायदा दिसला. "आमचा मुलगा दहावी नापास, त्याला काय होणार याचं?" असं विचारणाऱ्या बाबांसाठी हे उत्तर आहे. त्याला सर्वांत आधी पाठवा.

आवाज आणि भ्रम यांवर मात्र या उपचाराचा परिणाम फारसा नसतो. २०११च्या एका आधीच्या आढाव्यात लक्षणांवर थोडा परिणाम दिसला, पण तो पुढे टिकला नाही. विचारकौशल्यांतली सुधारणा टिकली. म्हणून पुनर्वसन चालू झालं म्हणून गोळ्या सुटत नाहीत. दोन्ही बरोबरीने चालतात.

व्यायामाबद्दलही ठोस पुरावा आहे. दम लागेल असा नियमित व्यायाम केल्याने या आजारात विचारकौशल्यं सुधारतात, असं २०१७ साली दहा चाचण्या एकत्र तपासून दिसलं. व्यायामाची वेळ जास्त आणि देखरेख करणारं कोणी असेल तर फायदाही जास्त. तलावपाळीला किंवा उपवनला रोज झपझप फेऱ्या, आणि सोबत कोणीतरी. सोबत महत्त्वाची, कारण उमेदच कमी असलेल्या माणसाला 'जाऊन ये' म्हणून भागत नाही.

घरात काय बदलता येईल?

घर बदलणं हा स्वतंत्र उपचारच आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये डॉन व्हेलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याची पद्धत घडवली: रुग्णाच्या घरी जाऊन वस्तू, चिठ्ठ्या, खुणा अशा मांडायच्या की डोक्यावरचा भार कमी होईल. रांगच लहान करायची.

सांगताना एका वेळी एक काम सांगा. टीव्ही बंद करा, समोर या, नाव घेऊन सांगा. त्याला परत म्हणून दाखवायला सांगितलं तर चालेल, पण परीक्षा घेतल्याच्या सुरात नको. दळणाच्या डब्यावरच चिठ्ठी चिकटवा. किल्ली, पाकीट, पास यांना दाराशी एकच ठरलेली जागा. गोळ्यांसाठी वारांची खणं असलेली डबी, 'घेतली का?' या प्रश्नावरून होणारी निम्मी वादावादी तिनेच मिटते. अंघोळ होत नसेल तर टॉवेल, कपडे, साबण आदल्या रात्री एकत्र काढून ठेवा. बऱ्याचदा अडतं ते या जमवाजमवीपाशी, अंघोळीपाशी नाही.

एका घरात आईने फ्रीजवर दिवसाचं वेळापत्रक लावलं होतं, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत बावीस कामं. मुलाने ते दुसऱ्या दिवशी फाडलं. मग दोघांनी बसून तीनच कामं ठरवली, त्यातलं एक त्याच्या आवडीचं: संध्याकाळी झाडांना पाणी. ती यादी टिकली. खूणही त्याची तो करत असे.

टीकेबद्दल एवढंच सांगते. ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, आणि नंतर अनेक देशांत तेच दिसलं, की सतत टीका होणाऱ्या घरात परतलेल्यांचा आजार अधिक वेळा उलटतो. आई-बाबा मुद्दाम टोचून बोलत नाहीत, तेही दमलेले असतात, वर्षानुवर्षं एकटे झुंजत असतात. त्यांनाही विसावा हवा, आणि घरच्यांची बैठक असते ती त्यासाठीसुद्धा.

नोकरी लागेल का?

अनेकांना लागते, पण आधी पूर्ण बरं होऊन मग नोकरी, हा क्रम सोडून द्यावा लागतो. सुझन मॅकगर्क यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासांत नोकरी शोधायला आणि टिकवायला मदत करतानाच विचारकौशल्यांचा सराव दिला, तेव्हा कामावर टिकण्याचं प्रमाण सुधारलं. सराव आणि काम एकाच वेळी चालले की आज जे शिकलं ते उद्या वापरता येतं.

सुरुवातीला कमी तास, ठरलेली जागा, सूचना लिहून देणारा वरिष्ठ. वागळे इस्टेटमधल्या छोट्या पॅकिंग युनिटपासून कॉलेजच्या ग्रंथालयापर्यंत बरीच कामं यात बसतात. सतत फोन घ्यावा लागेल, गिऱ्हाइकांची गर्दी असेल, अशी कामं सुरुवातीला नकोत. रात्रपाळी तर नकोच, झोप मोडली की आजार उलटण्याची भीती असते.

ठाण्यात कुठे विचारायचं?

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात चौकशी करता येते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ अनेकांच्या माहितीची आहे. मुंबईत केईएम, नायर आणि शीव या महापालिका रुग्णालयांत व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत. या सरावांत असे उपचारक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट दोघेही काम करतात. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

कुठेही गेलात तरी आधी चाचणी होणार का, सराव कोण घेणार आणि त्याचं प्रशिक्षण काय, आणि शिकलेलं घरी किंवा कामावर नेण्यासाठी काय करणार, हे विचारून घ्या. शेवटच्या प्रश्नाला धड उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे पाहा.

कायदाही पाठीशी आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पुनर्वसनाच्या सोयी पुरवणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे आणि आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरायला सांगितलं आहे. २०१६च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम अशा चार बाबी तपासतात, शिवाय आजार किती वर्षांचा आहे तेही धरतात. तपासणीच्या दिवशी बहुतेक जण शांत, नीटनेटके असतात आणि विचारलेल्याला 'हो, जमतं' म्हणतात. म्हणून जाताना एक कागद न्यावा: महिन्याभरात काय काय अर्धवट राहिलं, कुठे कोणाची मदत लागली, कोणतं काम किती दिवसांत सुटलं. तारखेनिशी, साध्या वाक्यांत, आणि त्याला दाखवून, त्याच्या संमतीने लिहिलेला.